अर्धा ड्रम

माझ्या वहिनीला हॉटेलातली माणसं भिंग म्हणायची. पाठीमागे म्हणायची, पण तिला ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं. हॉटेलच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती, तिला चादरखोली म्हणत. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल आधी तिथे यायचे आणि वहिनीच्या हाताखालून गेल्याशिवाय वर एकाही पलंगावर चढायचे नाहीत. खिडकीशी उभी राहून ती चादर झटकायची, उजेडासमोर धरायची, आणि आपल्याला जिथे नुसतं पांढरं दिसतं तिथे तिला कॉफीचा थेंब, लिपस्टिकचा पुसट ओठ, सिगारेटनं पाडलेलं सुईएवढं भोक असं काय काय दिसायचं. नापास चादर निळ्या टोपलीत जायची आणि टोपली परत धुलाईला.

आता ती धुलाई कुणाची, तर आमचीच. वडिलांनी सुरू केलेली लॉन्ड्री माझा दादा चालवायचा आणि तिचं सगळं पोट या एका हॉटेलावर होतं. बायकोनं चादरी नापास करायच्या आणि नवऱ्यानं त्या पुन्हा धुवायच्या, असा हा संसार. त्यांचं जमलंही तसंच. लग्नाआधी दादा एकदा भरलेली निळी टोपली उचलून तावातावानं तिच्याकडे गेला होता, की यात खोट काय ते दाखवा. तिनं एकेक चादर उलगडून दाखवली. भांडायला गेलेला माणूस हसत परत आला. आई म्हणायची, या मुलीनं आमच्या पोरालाही उजेडात धरून पाहिलं असणार, त्याशिवाय ती हो म्हणणारी नव्हे. लग्नानंतर लोकांना वाटलं, आता टोपली रिकामी जाईल. कसली जाते! उलट जरा जास्तच भरायला लागली.

मी लॉन्ड्रीत रोलरवर असते. ओल्या चादरी तापलेल्या रोलरखालून काढायच्या आणि गरम असतानाच घड्या घालायच्या, हे माझं काम. माझा संसार टिकला नाही, तेव्हापासून मी इथेच आहे. वहिनीनं त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल तडकून बोलणार आहे.

झालं असं, की हॉटेलच्या मुख्य कचेरीत कुणाला तरी पाण्याची आणि विजेची काळजी वाटायला लागली. सगळ्या शाखांना फर्मान सुटलं: कचरा कमी, पाणी कमी, खरेदी कमी. मॅनेजरनं ते ओझं सरळ वहिनीच्या डोक्यावर ठेवलं. त्याला वाटलं असेल, ही बाई चार दिवस नाचेल आणि गप्प बसेल. पण वहिनी लहानपणी अशा वस्तीत वाढलेली, जिथे नळाला पाणी आलं की हातातला घास टाकून उठावं लागायचं. तिनं ते काम असं उचललं, की जणू कुणीतरी शेवटी तिच्या मनातलं बोललं होतं.

खोल्याखोल्यांतल्या चिमुकल्या शांपूच्या बाटल्या तिनं बंद केल्या आणि भिंतीवर भरून ठेवायच्या मोठ्या बाटल्या लावल्या. टॉवेल घेताना स्वस्त न बघता टिकाऊ बघितला. फाटक्या चादरीचे अभ्रे, फाटक्या अभ्र्याची फडकी, असा एकेका कापडाचा जीव शेवटच्या धाग्यापर्यंत वापरला. पलंगावर छोटं कार्ड ठेवलं: टॉवेल खुंटीला टांगलात तर तोच वापराल असं समजू, खाली टाकलात तर धुऊ. चादरी रोजच्या रोज न बदलता पाहुणा मुक्कामाला असला तर दोन दिवसांआड बदलायच्या ठरल्या. धुलाईचं पाणीही उकळतं नको, कोमट चालेल असं ठरलं. साबण हॉटेल विकत घेऊन आम्हाला द्यायचं, तोही बदलला.

त्या साबणासाठी वहिनीनं गाव पालथं घातलं होतं. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः साबण उकळणारी एक बाई तिला सापडली. नवरा गेलेला, हाताशी एक मुलगी. वनस्पतींच्या तेलाचा साबण, गटारात गेला तरी मासा मरायचा नाही असा. वहिनीनं तो हॉटेलातल्या अट्टल डागांवर घासून पाहिला, तेव्हाच हो म्हटलं. हॉटेलची मागणी पुरवायला साबणवालीनं मोठी कढई घेतली, शेडला एक खण जोडला. वहिनी तिच्याबद्दल बोलताना अशी खुलायची, की दादा म्हणायचा, माझ्या धुलाईचं एवढं कौतुक कधी ऐकलं नाही बुवा.

हॉटेलचं पाणी खरंच कमी झालं. वहिनीचा फोटो मुख्य दाराशी लागला. तिनं तो आम्हाला दाखवायला नेलं नाही, पण मी जाऊन पाहून आले. फोटोतही तिची नजर समोरच्याच्या कॉलरवर होती.

आणि इकडे आमची गाडी अर्धी रिकामी यायला लागली.

लॉन्ड्रीबाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही, म्हणून सांगते. ड्रमला पोटभर कपडे लागतात. अर्धे टाकले म्हणून तो अर्धं पाणी पितो असं नाही, थोडंफार इकडेतिकडे, पण जवळपास तेवढंच. बॉयलरलाही तेवढाच जाळ लागतो, आणि पैसे मात्र धुतलेल्या नगांचेच मिळतात. बरं, कपडे साठवून ड्रम भरेपर्यंत थांबावं, तर करार असा, की आज नेलेलं उद्या परत आलं पाहिजे. कारण हॉटेलकडे चादरींचे संच मोजकेच. म्हणजे तिथे कार्ड ठेवून वाचवलेलं पाणी आमच्या इथे अर्ध्या ड्रममधून मागच्या गटारात जात होतं. आणि वाहून जाता जाता आमची भाकरीही नेत होतं.

वहिनीला हे दिसलं नाही असं नाही. सुट्टीच्या दिवशी ती लॉन्ड्रीत यायची तेव्हा ड्रमच्या काचेतून आत बघत राहायची. एकदा दादाला म्हणाली, "अहो, अर्धा ड्रम फिरवू नका हो. माझ्याच्यानं बघवत नाही." दादा म्हणाला, मग काय त्यात बसून मी फिरू? ती हसली नाही.

ती मॅनेजरकडे गेली. तिनं उपाय सांगितला आणि तो उपाय अगदी साधा होता: चादरींचा आणखी एक संच घ्या, म्हणजे गाडी एक दिवसाआड येईल, ड्रम भरून फिरेल, पाणी, जाळ, गाडीचं तेल सगळं खरोखर वाचेल. मॅनेजर म्हणाला, यंदा खरेदी कमी दाखवायची आहे, आणि तुम्ही चादरी विकत घ्या म्हणता? तिनं पुन्हा समजावलं. तो म्हणाला, लॉन्ड्रीत काय होतं ते लॉन्ड्रीचं, आपलं मीटर आपल्या भिंतीपर्यंत. ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यानं हसत विचारलं, की हे हॉटेलच्या भल्यासाठी बोलताय की घरच्या? त्यानंतर ती गेली नाही. तिला तो टोमणा असा लागला, की जेवताना घास हातात तसाच राहिला होता. मला तिचा राग आला. तत्त्वं तुझी आणि उपास आमचा, असं मी तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, बरोबर आहे तुझं.

ड्रमवाले काका वडिलांच्या वेळचे. त्यांना दादानं घरी बसवलं आणि स्वतः ड्रमवर उभा राहिला. काका जाताना ड्रमच्या दारावरून हात फिरवून गेले. दादा दारोदार काम मागत फिरला. खाणावळीवाल्यांची आपापली सोय होती, दवाखान्याला वेगळी यंत्रं लागतात, गॅरेजवाल्यांचे ग्रीसचे डगले कुणी पांढऱ्या ड्रमजवळ आणत नाही. शेवटी एक मालिश केंद्र मिळालं. बुडत्याला काडीचा आधार. त्यांचे टॉवेल पांढरेशुभ्र, मऊ, दिसायला हॉटेलच्या टॉवेलांची सख्खी भावंडं. ते दादानं वहिनीला सांगितलं नाही. मला म्हणाला, हॉटेलबाहेरचं काम घेतलं की तिला उगाच अवघडल्यासारखं होईल.

सुरुवातीला तो ते टॉवेल वेगळे धुवायचा. म्हणजे हॉटेलचा अर्धा ड्रम एकदा आणि मालिशचा अर्धा ड्रम एकदा. मग एके दिवशी त्यानं दोन्ही एकत्र टाकले. यात लबाडी नव्हती, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. ड्रम भरलेला बघून त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. मला म्हणाला, "बघ, आता एक थेंब वाया जात नाही. तिला कळलं असतं तर खूश झाली असती."

मालिशचं तेल उकळत्या पाण्यात निघतं. कोमट पाण्यात निघत नाही, ते सगळ्या कपड्यांना थोडं थोडं वाटलं जातं. रोलरखालून चादर निघते तेव्हा पांढरीच असते. वास म्हणाल तर तापलेल्या कापडाचाच येतो, मी स्वतः घड्या घालत होते, मला नाही आला. खिडकीशी धरली तरी पांढरीच दिसते. वहिनीच्या डोळ्यालाही दिसली नाही. पण नव्या घड्या वर चढत जातात, आणि खालची कपाटात काही दिवस पडून राहिली की ते तेल खवट होतं आणि घडीच्या कडेनं पिवळं उमटतं.

एका पाहुण्यानं मध्यरात्री उठून तक्रार केली, की उशीला खवट वास येतो. मग दुसऱ्यानं केली. मॅनेजरनं कपाटं उघडायला लावली. खालच्या थरातल्या चादरी कडेनं पिवळ्या पडल्या होत्या, आणि त्या सगळ्या वहिनीच्या हातून पास झालेल्या. मॅनेजरनं चादर नाकाशी नेली आणि म्हणाला, हा तेलाचा वास आहे. तुमच्या त्या साबणात तेल असतं ना? वहिनी म्हणाली, बघून सांगते.

ती भर दुपारी कामाचा गणवेश न बदलता लॉन्ड्रीत आली. पिशवीतून चादर काढून तिनं टेबलावर ठेवली आणि ड्रमपाशी गेली, दार उघडलं, आत हात घातला. वर आला तो मालिशचा टॉवेल. तिनं तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. दादाला त्याच क्षणी सगळं कळलं. तो ड्रमला टेकून खाली बसला.

त्यानं काही लपवलं नाही. का केलं, कधीपासून केलं, सगळं सांगितलं. करारात ठळक अट होती, की हॉटेलच्या कपड्यांत दुसऱ्या कुणाचा कपडा मिसळायचा नाही. ती मोडली म्हणजे करार गेला, आणि करार गेला म्हणजे लॉन्ड्री गेली. अर्ध्या ड्रमवर निदान रडतखडत चाललं होतं. आता वडिलांचं नाव असलेली पाटी उतरवून दादानं कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, एवढंच उरत होतं. तो म्हणाला, "तू खरं सांग. मी तुला खोटं बोल म्हणणार नाही." आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझा एवढा थोरला दादा रडत होता आणि मला ते बघवेना.

मग मीच बोलले. आजही तीच वेळ आली तर तेच बोलेन. म्हटलं, "वहिनी, मॅनेजर स्वतःच्या तोंडानं साबण म्हणतोय. तू नुसती हो म्हण."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलले होते. म्हणाली, "त्या बाईला मी शोधून आणलंय. मोठी कढई घ्या, मीच म्हटलंय तिला."

म्हटलं, तिच्याकडे दुसरी गिऱ्हाईकं होतील. साबण सगळ्यांनाच लागतो. आमच्याकडे दुसरं हॉटेल कुठून येणार? इकडे आड, तिकडे विहीर. तिला काय हवं होतं, नवऱ्याला विहिरीत ढकलायचं? एवढं मी बोलले. ती टेबलाशी उभी राहून त्या पिवळ्या चादरीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. दादानं एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरसमोर उभी राहिली आणि तो म्हणाला, काय मग, साबणच ना? ती हो म्हणाली. एवढाच शब्द. घरी येऊन तिनं आम्हाला तो तेवढाच सांगितला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाली, तुम्ही बसा.

मॅनेजरला तर आयतं कोलीतच मिळालं. त्याला या भानगडी पहिल्यापासून नको होत्या. वरच्या साहेबांना त्यानं कळवलं, की नवा साबण आणि दोन दोन दिवसांच्या चादरी यांनी पाहुणे नाराज होतात. मुख्य कचेरीतही तोवर दुसरंच काही नवं सुरू झालं असावं, कारण कुणी फार विचारलं नाही. जुना साबण आला, उकळतं पाणी आलं, चादरी पुन्हा रोज बदलायला लागल्या. पलंगावरची कार्डं मात्र ठेवली, ती छान दिसतात म्हणे. टॉवेल खुंटीला टांगा की खाली टाका, सगळे धुलाईला येतात. वहिनीचा फोटोही अजून दाराशी आहे.

आमची गाडी भरून यायला लागली. काका परत आले. ड्रम पोटभर फिरायला लागला आणि मागचं गटार रात्रंदिवस वाहायला लागलं. मालिशवाल्यांचं काम दादानं त्याच दिवशी सोडलं होतं. मी खूश झाले, अगदी मनापासून खूश झाले, आणि यात मला काही लाजायचं कारण दिसत नाही. दादा खूश होता की नाही ते कळत नसे. तो वहिनीसमोर असा वावरायचा, जणू पाऊल वाजलं तर तिची झोपमोड होईल. ती कामावर जायची, यायची, विचारलं तेवढं बोलायची. एकदा मी तिला जरा चिडूनच म्हटलं, की घर वाचलंय, थोडी हस की. ती म्हणाली, हसेन.

मग एका सुट्टीच्या दिवशी साबणवाली आली.

मी तिला पहिल्यांदाच बघत होते. बारकी बाई, हातांची कातडी साबणानं उललेली, काखेत एक डबा. साबणानं चादरी खराब झाल्या, एवढं दारातच सांगून हॉटेलात तिला कुणी आत घेतलं नव्हतं, म्हणून पत्ता विचारत ती लॉन्ड्रीत आली होती. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी रोलर बंद करून पुढे झाले. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. पण ती भांडायला आलीच नव्हती. ती वहिनीला म्हणाली, ती खराब झालेली चादर मला दाखवाल का?

वहिनीनं चादर आणून दिली. साबणवालीनं कडेचा पिवळेपणा बघितला, वास घेतला, कोपरा तोंडात धरून चव घेतली. पाणी किती गरम होतं, किती वेळ ठेवलं, खळबळून किती वेळा काढलं, ती एकेक विचारत गेली आणि वहिनी उत्तरं देत गेली. सगळी उत्तरं खरी होती. दादा केव्हाच बॉयलरच्या मागे निघून गेला होता.

"माझ्याच उकळीत काहीतरी कच्चं राहतंय," साबणवाली शेवटी म्हणाली. "पण हे तेल तर मी वापरतच नाही. मग हा वास आला कुठून, तेच डोक्यात येत नाही." कारण सापडेपर्यंत तिनं भट्टी बंद ठेवली होती. खराब माल कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांनाही तिनं स्वतःच जाऊन थांबवलं होतं. मुलगी कुठेतरी भांडी घासायला जायला लागली होती, ते ती सहज बोलण्याच्या ओघात सांगून गेली.

वहिनीचा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, आता ही बोलणार. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तिला ते कळत होतं.

साबणवालीनं चादर घडी करून काखेत घेतली, घरी नेऊन तपासायला. निघताना तिनं वहिनीचे दोन्ही हात धरले. "बाकीचे गोड बोलून तोडतात ताई. तुम्ही तेवढं खरं सांगितलंत. उपकार झाले तुमचे."

वहिनी म्हणाली, "जपून जा."

तेव्हापासून साबणवाली येते. दर वेळी थोडा नवा साबण उकळून आणते आणि वहिनीला म्हणते, आता बघा. वहिनीनं चांगला आहे म्हटलं तर ती विचारणार, मग आधी काय झालं होतं? म्हणून वहिनी डबा उघडते, बोटावर घेऊन चोळते, आणि अजून नाही म्हणते. ती बरं म्हणते आणि पुन्हा करून बघायला जाते. तो साबण मी घरी वापरून पाहिलाय. उत्तम आहे, पहिल्यापासून उत्तमच होता.